मस्कतची ऑफर, एक्स्चेंज आणि सहावीतली मुलगी

मॅडम, तुमचा प्रश्न परवाच वाचला होता. उत्तर द्यायचं नाही असं ठरवून स्वयंपाकाला लागले आणि आमटीची फोडणी करपवली, म्हणून आता लिहूनच टाकते.

तुम्ही विचारलंय की ओमानमधल्या एका खासगी विद्यापीठात रसायनशास्त्र शिकवायची ऑफर आहे, करार दोन वर्षांचा आणि पत्रात ‘अरब विद्यापीठांबरोबर स्टाफ व स्टुडंट एक्स्चेंज’ अशी ओळ आहे. त्या निमित्ताने जॉर्डन, मोरोक्को बघून होईल का? मुलगी सहावीत आहे, तिला आत्ताच न्यावं का? आणि अगदी शेवटी, जाता जाता विचारल्यासारखं, तिकडे एकटं वाटतं का?

पगार, घरभाडं, व्हिसाची फी तुम्हाला कुठेही मिळेल, ते सोडते. मी लातूरची, २००८ पासून मस्कतमध्ये आहे. शिकवण्याच्या जोडीला सहा वर्षं हे एक्स्चेंजचं टेबल माझ्याच गळ्यात होतं.

तर ती ओळ सगळ्यांच्याच पत्रात असते. करार होतात, ढिगाने होतात. दोन झेंडे, दोन पेनं, कहवा, खजूर, फोटो. अरब विद्यापीठांचा संघ १९६४ पासून आहे, मुख्यालय जॉर्डनच्या राजधानीत, अम्मानला, आणि हेतू चांगलाच आहे. पण आमच्या टेबलावरून खरोखर काय हललं म्हणाल, तर बहुतेक उन्हाळ्यातली अदलाबदल. तुमचे चार विद्यार्थी आमच्याकडे सहा आठवडे, आमचे चार तुमच्याकडे; राहणं-जेवण यजमानाचं, तिकीट ज्याचं त्याने काढायचं. प्राध्यापकांना आठवडाभराची व्याख्यानं, नाहीतर कुणाच्या तोंडी परीक्षेला परीक्षक म्हणून जाणं. अख्खं सेमिस्टर सहा वर्षांत तिघांना मिळालं. त्यातली एक मी, त्याचं पुढे सांगते.

बाहेरून वाटतं, सगळे अरबी बोलतात, मग अडचण कसली? मलाही वाटायचं. ओमानमध्ये विज्ञान इंग्रजीत शिकवतात. ट्युनिशिया, मोरोक्कोत बहुतेक फ्रेंचमध्ये. दमास्कसला तर डॉक्टरकीसुद्धा अरबीत. आमची एक हुशार मुलगी मोरोक्कोला जायला निघाली होती. तिकडून अभ्यासक्रम आला तो फ्रेंचमध्ये, आणि फोनवर तिकडचा माणूस जी दारिजा, म्हणजे तिकडची बोलीतली अरबी, बोलत होता त्यातलं तिला निम्मंही कळेना. शेवटी दोघंही इंग्रजीवर आले. इकडचे क्रेडिट अमेरिकन पद्धतीचे, तिकडची पद्धत फ्रेंच वळणाची, त्यामुळे एका पेपरला किती गुण धरायचे यावर तीन महिने ईमेल चालले. ती गेलीच नाही.

महिन्यांचंच बघा ना. ओमानमध्ये फेब्रुवारीला फिब्रायर म्हणतात, जॉर्डनमध्ये शुबात, ट्युनिशियात फिव्री. जॉर्डनहून आलेल्या एका गुणपत्रिकेवर नुसतं ‘शुबात’ होतं, आणि आमच्या नोंदणी विभागातला पोरगा, अस्सल अरब, पेन हातात धरून मलाच विचारत होता की मॅडम, हा नक्की कितवा महिना? लातूरच्या बाईने त्याला सांगितलं, दुसरा.

शिवाय सुट्ट्या. ओमानमध्ये शुक्रवार-शनिवार, जॉर्डनमध्येही तेच. अमिरातीने २०२२ पासून शनिवार-रविवार केला. आपण रविवारी फोन लावावा तर तिकडे सुट्टी, त्यांनी शुक्रवारी सकाळी लावावा तर आपण झोपलेले. हातात राहतात सोमवार ते गुरुवार, आणि गुरुवारी दुपारनंतर कोण काम करतं हे तुम्हाला इथे आल्यावर कळेल.

आणि राजकारण. जून २०१७ मध्ये सौदी, अमिराती, बहरीन आणि इजिप्तने कतारशी संबंध तोडले. पहिल्या तिघांनी तर कतारी नागरिकांना चौदा दिवसांत देश सोडायला सांगितलं, त्यात तिथे शिकणारी मुलंही आली. परीक्षा अर्धवट, डिग्री अर्धवट. ओमान त्यात पडला नाही. पण आमच्या एका गटात कतारचं एक विद्यापीठ होतं आणि अमिरातीतलं एक. त्या फाइलवर मी पेन्सिलीने ‘थांबवा’ लिहिलं. जानेवारी २०२१ मध्ये समेट झाला तेव्हा ती फाइल कोणत्या कपाटात आहे हेही कुणाला आठवेना.

आता तुमचं-माझं. हे सगळे करार ज्यांच्यासाठी लिहिलेत ते आपण नाही. ओमानी प्राध्यापक ओळखपत्र दाखवून कुवेतला उतरतो. आपण भारतीय पासपोर्टवाले, आपल्याला व्हिसा हवा, पत्र हवं, त्या पत्राला अजून एक पत्र हवं. आणि हे नीट लक्षात ठेवा: ओमानबाहेर सलग सहा महिन्यांपेक्षा जास्त राहिलात तर इथला रहिवासी व्हिसा जातो. म्हणजे ‘वर्षभराचं एक्स्चेंज’ असं कुणी उत्साहाने म्हणालं, तर आधी मंदूबला विचारा. मंदूब म्हणजे सरकारी कार्यालयांत फेऱ्या मारणारा विद्यापीठाचा माणूस. त्याच्याशी चांगलं राहा, डीनशी नाही राहिलात तरी चालेल.

कागदांबद्दल मला आजही बोलवत नाही, पण बोलते. ओमान २०१२ पासून अपोस्टिल मानतो, म्हणजे परराष्ट्र खात्याच्या एका शिक्क्यावर कागद खरा धरतो, दूतावासात जावं लागत नाही. मी मुंबईला मंत्रालयातून शिक्का घेतला, मग परराष्ट्र खात्याचं अपोस्टिल, झालं. वाटलं, आयुष्यभराची कटकट मिटली. अम्मानच्या त्या सेमिस्टरचं ठरलं तेव्हा कळलं की जॉर्डन अपोस्टिल मानत नाही, तिथे दूतावासाचाच शिक्का लागतो. म्हणजे त्याच डिग्र्या परत दिल्लीला. वर यजमान विद्यापीठाला पत्र हवं होतं की माझी पीएचडी रोज हजर राहून केलेली आहे, पत्राने केलेली नाही. त्या एका ओळीच्या पत्रासाठी माझ्या भावाने परीक्षा विभागात चार खेपा घातल्या. एकदा साहेब रजेवर, एकदा शिक्का दुसऱ्या कपाटात आणि किल्ली साहेबांकडे. चौथ्या खेपेला पत्र मिळालं ते माझं नाव चुकवून. तुम्ही ही पत्रं तिथे असतानाच घ्या, पाच-पाच प्रती, आणि आईचं, आजोबांचं नाव पासपोर्टवर आहे त्याच स्पेलिंगने. तीन वर्षांची बीएस्सी त्यांना अपुरी वाटते, त्यांच्याकडे पदवी चार वर्षांची. तीन अधिक दोन एमएस्सी हे मी समोरच्याच्या टेबलावर बोटांनी मोजून दाखवलंय.

अजून एक विचारा, तुमच्या संस्थेला: लीन, म्हणजे जागा राखून रजा, देता का? माझ्या शेजारच्या केबिनमध्ये एक इजिप्शियन सर होते. त्यांच्याकडे याला ‘इआरा’ म्हणतात. शब्दाचा अर्थच उसनं देणं. कैरोच्या त्यांच्या विद्यापीठाने त्यांना उसनं दिलेलं. मुदत संपली की परत जायचं, जागा राखलेली. त्यांनी मला विचारलं, तुम्हाला किती वर्षं उसनं दिलंय? मी म्हटलं, मला विकलंय. ते खूप हसले. मी राजीनामा देऊन आले होते, कारण संस्थाचालक म्हणाले, गेलात तर गेलात.

एकटेपणा. वाटतो. महाराष्ट्र मंडळ आहे, गणपती असतो, मस्कतच्या रुवी भागात कोथिंबिरीपासून भाकरीच्या पिठापर्यंत सगळं मिळतं. होतं हळूहळू. पुढे.

२०१९ च्या फेब्रुवारीत मी अम्मानला गेले, एका सेमिस्टरसाठी, सोबत तीन ओमानी मुली. त्यातल्या एकीची आई तयार नव्हती. मी निझवाजवळच्या त्यांच्या घरी गेले, मजलिसमध्ये, म्हणजे पाहुण्यांच्या खोलीत, बसले, हलवा खाल्ला. त्या बाईने एकच विचारलं, तिच्याजवळ कोण असेल? मी म्हटलं, मी असेन. तिने मुलीच्या बॅगेत लोबानची पुडी टाकली आणि माझ्या हातात खजुराचा डबा दिला.

अम्मानची थंडी मला माहीत नव्हती. फ्लॅटमध्ये गॅसची शेगडी, तिला तिथे सोबा म्हणतात, तिच्याभोवती आम्ही चौघी. पाणी आठवड्यातून एकदा, तेवढ्यात गच्चीवरच्या टाक्या भरून घ्यायच्या. मुली रडकुंडीला आल्या. मी मात्र पहिल्याच दिवशी बादल्या लावल्या. आमच्या लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं, मला पाण्याचा वार कुणी शिकवायची गरज नव्हती.

मार्चमध्ये त्या निझवाच्या पोरीला ताप आला. मऊ भात केला, तूप नव्हतं म्हणून लोणी घातलं, वर घरून नेलेलं मेतकूट. तिने विचारलं, औषध आहे का? हो म्हटलं. चमच्याने भरवलं. तिच्या आईला व्हिडिओ कॉल लावून दाखवलं. ती बाई पलीकडून मला दुवा देत होती आणि मी घड्याळाकडे बघत होते, कारण त्याच सकाळी मस्कतला माझ्या मुलाचा नववीचा गणिताचा पेपर होता. त्याला मी फोन केला नव्हता. विसरले होते, मॅडम. संध्याकाळी केला तर म्हणाला, ‘ठीक गेला.’ त्याच्या बाबांनी सकाळी ब्रेड-जॅम देऊन पाठवलं होतं. पेपर ठीक गेला नव्हता, हे निकालाला कळलं. कुणी मला काही बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं.

मी त्याला सोबत का नेलं नाही? शाळा म्हणाली, नववीत बोर्डाची नोंदणी झालेली असते, मधेच नेलात तर जागा राखणार नाही. नियमाने त्यांचं बरोबर असेल. पण त्या शाळेवरचा माझा खरा राग त्याच्या तीन वर्षं आधीचा आहे. सहावीत दुसरी भाषा निवडायची होती. अरबी होती यादीत. वर्गशिक्षिका म्हणाल्या, अरबी कशाला, संस्कृत घ्या, स्कोअरिंग आहे. मी लगेच सही केली. लातूरच्या माणसाला स्कोअरिंग म्हटलं की पुढचं काही ऐकू येत नाही. तर दहावीपर्यंत मस्कतमध्ये माझा मुलगा रामः रामौ रामाः म्हणत होता आणि खाली दुकानावरची पाटी त्याला वाचता येत नव्हती. दिवसभर मी दुसऱ्यांच्या मुलांना एका अरब देशातून दुसऱ्या अरब देशात पाठवायच्या फाइली करायचे. गुण मिळाले, खोटं कशाला सांगू, संस्कृतात ९७ मिळाले.

आता तो पुण्यात इंजिनिअरिंग करतो. गल्फमध्ये काम करणाऱ्यांच्या मुलांच्या कोट्यातून जागा मिळाली, तेवढा ओमानचा त्याच्या फॉर्मवर उपयोग झाला. पुण्यात येमेनी, सुदानी मुलं पुष्कळ आहेत. पहिल्या महिन्यात मेसमध्ये एका येमेनी मुलाने विचारलं, कुठला? हा म्हणाला, मस्कत. तो जे खुशीत सुरू झाला अरबीत! ह्याने नुसतं ‘शुक्रान’ म्हटलं आणि ताट उचलून दुसऱ्या टेबलावर गेला. हे त्याने मला हसत सांगितलं. मी हसले नाही.

तुम्ही या की. मोरोक्कोचं मनात धरू नका, पण या. मुलीला आत्ताच आणा, दहावीनंतर आणून काही हाताला लागत नाही. तिच्या शाळेचा फॉर्म आला की दुसऱ्या भाषेच्या रकान्याचा फोटो काढून मला पाठवा, आणि माझं उत्तर येईपर्यंत सही करू नका.