कुंडीतल्या मिरचीची पाने वळतात आणि फुले गळतात, काय करावे?

आधी पान कुठल्या बाजूला वळले आहे ते पाहा. कडा वर उचलून होडीसारखा आकार झाला असेल तर फुलकिडे आहेत. कडा खाली वळून देठ लांबट झाला असेल तर कोळी (माइट नावाची अतिसूक्ष्म कीड, जाळे विणणारा कोळी नव्हे). शेंड्याखाली पांढरा कागद धरून फांदी झटका, फुलकिडे बारीक पिवळसर रेघांसारखे पळताना दिसतात. कोळी मात्र भिंगाशिवाय दिसत नाहीत.

फुलकिड्यांसाठी १ लिटर कोमट पाण्यात ५ मिली कडुनिंब तेल आणि १ मिली द्रवरूप साबण मिसळून संध्याकाळी पानांच्या खालच्या बाजूने फवारा. दर ५-६ दिवसांनी, तीनदा. एकाच फवारणीत अंडी आणि मातीतले कोष मरत नाहीत, म्हणून लोकांना औषध लागू पडले नाही असे वाटते. कोळ्यांवर पाण्यात विरघळणारे गंधक, लिटरला २ ग्रॅम. पण कडक उन्हात नको आणि तेलाच्या फवारणीनंतर दोन आठवडे तरी नकोच, पाने करपतात.

फुले गळण्याचे कारण बहुतेक वेळा वेगळे असते: ३५ अंशांवरचे तापमान, कधी कोरडी तर कधी चिखल झालेली माती, किंवा जास्त नत्र. झाड हिरवेगार आणि फळ नाही, तर शेणखत-युरिया थांबवा, पोटॅश द्या. कुंडी किमान १२ इंची, ऊन सहा तास. वरची इंचभर माती सुकल्यावरच पाणी, तेही खालून निथळेपर्यंत.

पाने बारीक, पिवळी, गुच्छासारखी झाली असतील तर तो विषाणू आहे. ते झाड उपटून टाका.