आपे माया आणि शिवणीतली माया

चि. सईस अनेक आशीर्वाद.

रविवारी आजीने फोनवर मला बजावले, की सईचा परकर शिवताना कडेला दोन बोटे माया ठेव. ते ऐकून तू विचारलेस, की आजी परकरावर 'लापे माया', म्हणजे इथल्या इटालियन टीव्हीवरच्या कार्टूनमधली मधमाशी, लावायला सांगते आहे का, आणि ती मधमाशी मूळची मराठी आहे का. उत्तर थोडे लांबीचे आहे, म्हणून लिहून देते.

आधी आजीची माया. शिवणीच्या आत जे जादा कापड दुमडून ठेवतात, त्याला आपल्याकडे माया म्हणतात. मूल अंगाने भरले, की टीप उसवून ही माया सोडायची आणि तोच परकर आणखी एखादे वर्ष वापरायचा, ही मराठी घरांतली जुनी रीत आहे. उसवल्यावर आतली पट्टी गडद रंगाची आणि बाहेरचे कापड विटलेले असे दोन रंग शेजारी दिसतात. त्यावरून कपड्याचे वय कळते, पण त्याची लाज कोणी बाळगत नसे. प्रेमालाही आपण मायाच म्हणतो, आणि साठवलेल्या पैशालासुद्धा!

तुझी मधमाशी मात्र जर्मन आहे. वाल्डेमार बॉन्सेल्स या लेखकाने १९१२ साली तिची गोष्ट लिहिली. पोळ्यातून पहिल्यांदाच बाहेर पडलेली ही माशी परत न फिरता जग पाहत हिंडते, पुढे गांधीलमाश्यांच्या तावडीत सापडते आणि तिथे त्यांचा हल्ल्याचा बेत कानी पडताच निसटून आपल्या पोळ्याला सावध करते. तू पाहतेस त्या रूपात ती लोकप्रिय झाली ती १९७५ पासूनच्या जपानी कार्टून मालिकेमुळे, आणि तिचा मित्र विली तर त्या मालिकेतच जन्मला, मूळ पुस्तकात तो नाही.

आता तिचे इटालियन नाव. त्यातला 'आपे' हा शब्द लॅटिन 'आपिस' वरून आला आहे आणि त्याचा अर्थ मधमाशी एवढाच आहे. आधीचे 'ला' हे उपपद त्याला जोडून उच्चारले, की तुला ऐकू येते ते 'लापे' तयार होते. जर्मन लोक 'माया' लिहिताना 'य' साठी जे अक्षर वापरतात, ते इटालियन लिखाणात फारसे येत नाही, म्हणून इथे त्या जागी 'आय' आला. या बदललेल्या स्पेलिंगमुळे एक गंमत झाली, ती अशी की माशीचे नाव हुबेहूब एका जुन्या देवीच्या नावासारखे झाले. ग्रीक कथांतली माया ही सात बहिणींपैकी थोरली, हर्मिस देवाची आई. त्या सात बहिणी म्हणजे आपल्या कृत्तिका, आणि त्या तारकापुंजातल्या एका ताऱ्याला आजही हेच नाव आहे. रोमन लोकांचीही माया नावाची देवी होती, आणि तुमच्या शाळेच्या कॅलेंडरवरचा 'माज्जो', म्हणजे मे महिना, तिच्या नावावरून पडला असे परंपरेने मानतात. फुलांच्या महिन्याशी जोडलेले नाव मधमाशीला शोभतेच.

बॉन्सेल्स तरुणपणी भारतात येऊन गेला होता आणि त्याने त्या प्रवासावर पुस्तकही लिहिले, पण तेवढ्यावरून ही माशी आपल्या मायेशी जोडणे मला ओढूनताणून वाटते. नाते शोधायचेच असेल, तर ते 'माय' या शब्दाशी जवळचे ठरेल, कारण ग्रीक भाषेत 'माया' म्हणजे आई किंवा दाई, आणि तान्ह्या बाळाच्या तोंडचा 'मा' दोन्हीकडे ऐकू येतो.

आपल्याकडे मधमाश्यांना माणसांची नावे देत नाहीत, त्यांच्या स्वभावावरून किंवा पोळ्यावरून ओळखतात. उंच कड्याला किंवा मोठ्या झाडाला एकच भलेमोठे पोळे लावणारी, डिवचली तर झुंडीने तुटून पडणारी ती आग्या. झाडाच्या ढोलीत एकाशेजारी एक पोळी बांधणारी, महाबळेश्वरकडे पेटीत पाळतात ती सातेरी. आणि झुडपात तळहाताएवढे पोळे करणारी ती फुलोरी. पेटीत पाळायला परदेशातून आणलेली एक चौथी माशीही आता महाराष्ट्रात आहे. तिला मधपाळ कधी मेलिफेरा म्हणतात, तर कधी सरळ 'इटालियन'.

तुझी,
आई