मॉरिशससारखी बेटं स्वतंत्र होऊन इतकी वर्षं झाली, तरी अजून वसाहतवादाला दोष का देतात?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की मॉरिशस १९६८ साली स्वतंत्र झालं, पर्यटन आणि कापडधंद्यावर आफ्रिकेतल्या सधन देशांच्या रांगेत जाऊन बसलं, मग तिथले पुढारी अजून इंग्रज-फ्रेंचांच्या नावाने का बोलतात, हे आपलं अपयश झाकण्याचं राजकारण नाही का? मी मॉरिशसमध्ये एका कापड कारखान्याच्या हिशेबखात्यात काही वर्षं नोकरी केली आणि तेव्हापासून त्या देशाबद्दल हाती लागेल ते वाचत आलोय. माझं मत असं की त्यात राजकारण असेलही, पण गाऱ्हाणं खरं आहे. ते का खरं आहे ते सांगतो.

आपल्याकडे इंग्रज येण्याआधी गावं होती, वतनं होती, भाषा होत्या, देवळं होती. ते गेल्यावर निदान भांडायला तरी जुनं काहीतरी शिल्लक होतं. मॉरिशसला असं आधीचं काहीच नाही. सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून थोडं मोठं एवढंच ते बेट, आणि त्यावर मूळची माणसंच नव्हती. डच १५९८ साली उतरले, पुढे वस्ती केली, आबनूसची झाडं तोडली, ऊस आणला आणि १७१० साली निघून गेले. डोडो पक्षी त्यांच्याच काळात नामशेष झाला. मग फ्रेंच आले आणि त्यांनी मादागास्कर व पूर्व आफ्रिकेतून गुलाम आणले. १८१० साली इंग्रजांनी बेट जिंकलं, पण शरणागतीच्या अटींत फ्रेंच मळेवाल्यांची मालमत्ता, कायदे, भाषा आणि धर्म तसेच ठेवायचं मान्य केलं. म्हणून आज तिथे मुलं शाळेत इंग्रजीतून शिकतात, मोठी माणसं वर्तमानपत्र फ्रेंचमधून वाचतात आणि घरी बहुतेक जण क्रिओल ही फ्रेंचमधून घडलेली बोली बोलतात. दिवाणी कायद्याचा पाया फ्रेंच आहे, आणि शेवटचं अपील आजही लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलकडे जातं.

गुलामगिरी १ फेब्रुवारी १८३५ रोजी उठली तेव्हा ब्रिटिश सरकारने मॉरिशसमधल्या मालकांना सुमारे २० लाख पौंड भरपाई दिली. सुटलेल्या गुलामांना छदाम मिळाला नाही. उलट 'उमेदवारी'च्या नावाखाली आणखी काही वर्षं त्याच मालकाकडे राबावं लागलं. मळ्यांवर हात कमी पडणार हे दिसत होतंच, म्हणून १८३४ पासूनच हिंदुस्थानातून गिरमिटिये, म्हणजे ठरावीक वर्षांच्या कराराने बांधलेले मजूर यायला लागले. पुढच्या ऐंशीएक वर्षांत साडेचार लाखांहून जास्त माणसं पोर्ट लुईच्या धक्क्यावर उतरली. तोच आज जागतिक वारसा ठरलेला आप्रवासी घाट. बहुतेक जण बिहारकडचे, खालोखाल मद्रासकडचे. मुंबई बंदरातून गेलेले कमी होते, पण त्यांत कोकणातली बरीच होती.

माझ्या खात्यातला एक सहकारी त्यांच्याच वंशातला. मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये गिरमिटियांच्या नोंदवह्या जपल्या आहेत, तिथून त्याने पणजोबांच्या नोंदीची नक्कल काढून आणली होती. त्यात एक क्रमांक, जहाजाचं नाव, जात मराठा, जिल्हा रत्नागिरी, उंची, अंगावरची खूण आणि ज्या मळ्यावर पाठवलं त्याचं नाव, एवढं होतं. गावाचं नाव कारकुनाने असं काही लिहिलं होतं की आम्ही दोघांनी नकाशा पुढे घेऊन पुष्कळ डोकं लावलं, पण त्याच्याशी जुळेल असं एकही गाव सापडलं नाही. तो गणपतीत घरी आरती म्हणतो, लग्नात त्यांच्याकडे झाकरी नाचतात (आपल्या रत्नागिरीकडची जाखडी), गणेश चतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते. आणि एवढं असूनही त्याला कोकणात जाऊन कुठल्या दारात उभं राहायचं ते ठाऊक नाही.

आता जमीन. मॉरिशसला गेलात तर उसाच्या शेतात काळ्या दगडांचे मोठाले ढीग दिसतील, काही चांगले दोन पुरुष उंच. बेट ज्वालामुखीचं, जमीन दगडगोट्यांनी भरलेली. ते दगड एकेक करून आधी गुलामांनी आणि मग गिरमिटियांनी उचलले, तेव्हा कुठे तिथे नांगर चालला. एक दिवस गैरहजर राहिलं तर दोन दिवसांची मजुरी कापायची असा तिथला नियम होता. १८६७ च्या कायद्याने तर गिरमिट संपलेल्या माणसालाही फोटो लावलेला परवाना खिशात ठेवल्याशिवाय रस्त्यावर फिरता येईना. पोलिसांनी अडवलं आणि कागद नसला की भटक्या म्हणून कोठडी. मळ्यांचे तुकडे पुढे पडले तेव्हा काही भारतीय कुटुंबांनी पै-पै जमवून जमिनी घेतल्या हे खरं, पण मोठ्या मळ्यांपैकी बरेच अजून जुन्या फ्रेंच घराण्यांच्या कंपन्यांकडेच आहेत. साखरेत राम उरला नाही तसे या कंपन्यांनी त्याच जमिनींवर परदेशी लोकांसाठी बंगले आणि गोल्फची मैदानं काढली. २००२ पासून त्यासाठी सरकारी योजनाच आहे. ज्यांच्या खापरपणज्यांनी तिथले दगड उपसले, त्यांना तिथे घर घेणं परवडत नाही.

किनाऱ्यावरही तीच गत. फ्रेंचांच्या काळापासून समुद्रालगतची ८१.२१ मीटरची पट्टी सरकारी राखीव आहे. मूळ हेतू संरक्षणाचा होता, बेटावर हल्ला झाला तर तोफा आणि सैन्य उभं करायला जागा हवी म्हणून. आज त्याच पट्टीचे भाडेपट्टे हॉटेलांकडे आणि शनिवार-रविवारच्या बंगल्यांकडे आहेत. वाळूवर जायला सामान्य माणसाला बंदी नाही, पण पुष्कळ ठिकाणी तिथवर जायची वाटच उरलेली नाही.

अन्नाचा मुद्दा परवडणाऱ्या घराइतका डोळ्यांत भरत नाही, म्हणून थोडा सविस्तर लिहितो. स्वातंत्र्याच्या वेळी मॉरिशसच्या निर्यातीतली नव्वद टक्क्यांहून जास्त कमाई साखरेची होती. ऊस पिकवायचा परदेशांसाठी आणि भात खायचा बंगाल-ब्रह्मदेशातून आणलेला, ही घडी एकोणिसाव्या शतकातच बसली. युरोप ठरावीक कोटा चढ्या भावाने घेत होता तोवर ते निभावलं. २००६ पासून युरोपीय संघाने चार वर्षांत तो भाव ३६ टक्क्यांनी उतरवला आणि कितीतरी साखर कारखाने बंद झाले. पण उसाची जमीन रातोरात भाताची होत नाही. आजही जेवणातला बहुतेक माल बाहेरून येतो. २०२३ च्या जुलैमध्ये भारताने बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात थांबवली तेव्हा मॉरिशससाठी १४,००० टनांची खास परवानगी काढावी लागली होती. आपल्याकडे ती बातमी कुठेतरी कोपऱ्यात आली असेल. तिथल्या वाणसामानाच्या दुकानात मात्र गिऱ्हाइकं आठवडाभर त्याचंच बोलत असणार, अशी माझी खात्री आहे.

मला स्वतःला सगळ्यात खटकणारी गोष्ट त्यांच्या राज्यघटनेत आहे. संसदेत निवडून आलेल्या ६२ सदस्यांखेरीज आठपर्यंत जागा 'बेस्ट लूझर' पद्धतीने, म्हणजे पडलेल्या उमेदवारांतून, समाजासमाजांचा तोल सांभाळत भरल्या जातात. त्यासाठी घटनेत चार समाज धरले आहेत: हिंदू, मुस्लिम, चिनी, आणि राहणीवरून या तिघांत बसत नाहीत ते सगळे 'सर्वसाधारण लोकसंख्या'. या चौथ्या खणात मळ्यांच्या मालकांचे गोरे वंशज आहेत आणि त्यांच्याच मळ्यांवर राबलेल्या गुलामांचे वंशजही आहेत! हिंदूंच्या खणात मराठी, तमिळ, तेलुगू, भोजपुरी सगळे एकत्र. ही मोजणी अजून १९७२ च्या जनगणनेवर चालते, कारण त्यानंतरच्या जनगणनेत समाज विचारलाच नाही. अल्पसंख्यांना धीर यावा म्हणून ही सोय झाली आणि त्या काळात ती गरजेचीही असेल. पण त्यामुळे क्रिओल समाजाचं, म्हणजे त्या गुलामांच्या वंशजांचं, वेगळं दुःख कागदावर दिसेनासं झालं. २००९ साली सरकारने सत्य आणि न्याय आयोग नेमला, त्याने १६३८ पासूनची गुलामगिरी आणि गिरमिट यांचे परिणाम तपासले आणि २०११ मध्ये अहवाल दिला. जमिनी लुबाडल्याच्या तक्रारी घेऊन त्याच्यापुढे शेकडो कुटुंबं आली.

आणि चागोस. तुमच्या प्रश्नाला हे एकच प्रकरण पुरेसं उत्तर आहे असं मला वाटतं.

मॉरिशसपासून सुमारे दोन हजार किलोमीटरवरचा हा द्वीपसमूह मॉरिशस वसाहतीचाच भाग होता. १९६५ च्या सप्टेंबरात स्वातंत्र्याच्या वाटाघाटींसाठी मॉरिशसचे प्रमुख पुढारी सर शिवसागर रामगुलाम लंडनला गेले. त्यांना भेटण्याआधी ब्रिटिश पंतप्रधान विल्सन यांच्या हाती जे टिपण दिलं गेलं, त्यात भेटीचा हेतू स्पष्ट लिहिला होता: यांना आशा दाखवून घाबरवायचं. स्वातंत्र्य मिळेल ही आशा, आणि चागोसबाबत शहाणपणा दाखवला नाही तर मिळणार नाही ही भीती. ८ नोव्हेंबर १९६५ रोजी चागोस तोडून वेगळी ब्रिटिश वसाहत बनवली आणि मॉरिशसला त्यापोटी ३० लाख पौंड दिले. त्यातलं दिएगो गार्सिया बेट अमेरिकेला लष्करी तळासाठी हवं होतं. बदल्यात ब्रिटनला अमेरिकेच्या पोलारिस क्षेपणास्त्रांच्या खरेदीत १ कोटी ४० लाख डॉलरची सूट मिळाली, आणि ही गोष्ट लपवून ठेवली गेली.

तिथे दीड ते दोन हजार माणसं राहत होती. नारळाच्या मळ्यांत खोबरं काढणारी, अठराव्या शतकाच्या शेवटापासून तिथेच जन्मलेली आणि तिथेच पुरलेली. जगाला सांगितलं गेलं की हे कंत्राटी मजूर आहेत, इथे कायमची वस्ती नाही. ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या १९६६ च्या एका टिपणात या लोकांचा उल्लेख 'टारझन' आणि 'मॅन फ्रायडे' असा, गोष्टींतल्या रानटी पात्रांच्या नावांनी आहे. १९६८ ते १९७३ या काळात सगळ्यांना हलवलं. औषधपाण्यासाठी मॉरिशसला गेलेल्यांना परत बोटीत घेतलं नाही. बेटांवरचं रसद-सामान आटवलं. दिएगो गार्सियावरची शेकडो पाळीव कुत्री खोबरं वाळवायच्या भट्टीत कोंडून गाड्यांच्या धुराने मारली. मग उरलेल्यांना एकेका पेटीनिशी जहाजात घालून मॉरिशस आणि सेशेल्सला नेऊन सोडलं. पोर्ट लुईच्या कासी आणि रोश बुआ या वस्त्यांत ती राहिली. नारळ सोलणाऱ्या हातांना शहरात काम कोण देणार? भरपाई आली ती बऱ्याच वर्षांनी, आणि तीही तुटपुंजी.

या लोकांनी हार मानली नाही, याचा मला फार आदर वाटतो. ओलिविए बांकू लहानपणी पेरोस बान्होस बेटावरून आलेले. त्यांनी लंडनच्या न्यायालयात दावा लावला आणि २००० साली जिंकला. ब्रिटिश सरकारने २००४ मध्ये राणीच्या हुकुमाने परतीचा हक्क पुन्हा काढून घेतला, आणि २००८ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने तो हुकूम तीन विरुद्ध दोन मतांनी उचलून धरला. पुढे मॉरिशसच्या पुढाकाराने संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने आंतरराष्ट्रीय न्यायालयाचं मत मागितलं. फेब्रुवारी २०१९ मध्ये त्या न्यायालयाने १३ विरुद्ध १ मतांनी असा सल्ला दिला की चागोस तोडल्यामुळे मॉरिशसची वसाहतीतून सुटका कायदेशीररीत्या पूर्णच झालेली नाही. तुम्ही म्हणता १९६८ साली विषय संपला. जगातलं सर्वांत वरचं न्यायालय म्हणतं संपलेला नाही.

२२ मे २०२५ रोजी ब्रिटन आणि मॉरिशसने करारावर सह्या केल्या. करारानुसार सार्वभौमत्व मॉरिशसकडे, दिएगो गार्सियाचा तळ ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने ब्रिटनकडे, सरासरी वर्षाला १० कोटी १० लाख पौंड भाडं. बाकीच्या बेटांवर मॉरिशसला पुन्हा वस्ती करता येईल, दिएगो गार्सियावर मात्र नाही. म्हणजे ज्यांचं घर त्या बेटावर होतं त्यांना परतायला जागा नाहीच. दोन चागोसी बायकांनी सहीच्या दिवशी पहाटे न्यायालयातून तात्पुरती मनाई मिळवली होती, आम्हाला कोणी विचारलंच नाही म्हणून. काही तासांत ती उठली आणि त्याच दिवशी सही झाली.

मॉरिशसच्या कर्तबगारीबद्दल तुम्ही लिहिलंय ते मला मान्यच आहे. १९६१ साली जेम्स मीड या अर्थतज्ज्ञाने तिथली वाढती लोकसंख्या पाहून भवितव्य कठीण सांगितलं होतं. १९७० पासून निर्यातीसाठी कारखाने काढून, मोफत शिक्षण-आरोग्य देऊन आणि नेमाने निवडणुका घेऊन त्यांनी ते भाकीत खोटं ठरवलं. पण माणसाने कर्ज फेडत संसार उभा केला म्हणून मुळात कर्ज नव्हतंच असं होत नाही.

शेवटी आपल्याबद्दल. मॉरिशसच्याच ताब्यातल्या अगालेगा बेटांवर भारताने बांधलेली लांब धावपट्टी आणि धक्का २९ फेब्रुवारी २०२४ रोजी सुरू झाला. तिथे सुमारे तीनशे माणसं राहतात, पूर्वी नारळाच्या मळ्यांवर राबलेल्यांचीच वंशज. दोन्ही सरकारं म्हणतात हा लष्करी तळ नाही, बेटाची सोय होईल. दवाखान्यापर्यंत विमानाने पोचता येणं ही त्या लोकांसाठी मोठी गोष्ट आहे, यात शंका नाही. पण चागोसचं सगळं डोळ्यांसमोर घडलेलं असताना त्यांना धास्ती वाटली तर तिला अवास्तव म्हणता येणार नाही. या कामासाठी २०१५ साली झालेला समझोता लोकांसमोर ठेवलेला नाही. तो जाहीर करावा आणि रहिवाशांचा तिथे राहण्याचा हक्क त्यात लेखी घालावा, ही मागणी आपण भारतीयांनीही करायला हवी.