मधमाश्या पोळ्यातली घरं षटकोनीच का बांधतात? गोल किंवा चौकोनी का नाही?

आमच्या परसात बरीच वर्षं सातेरी माश्यांच्या (पेटीत पाळता येणाऱ्या आपल्या देशी मधमाश्या) दोन पेट्या होत्या, त्यामुळे ह्या विषयावर मी जरा जास्तच बोलतो, सांभाळून घ्या.

आधी गणित उरकतो. सगळ्या बाजू आणि कोन सारखे असलेल्या एकाच मापाच्या घरांनी फट न ठेवता जागा भरायची तर त्रिकोण, चौकोन आणि षटकोन एवढेच चालतात, गोल ठेवले की मधे फटी राहणारच. आणि तेवढीच जागा घेरायला षटकोनाला चौकोनापेक्षा जवळपास ७ टक्के कमी भिंत लागते. ७ टक्के म्हणजे किरकोळ वाटेल, पण मेण काय फुकट येत नाही, कामकरी माशीच्या पोटाखालच्या ग्रंथींतून ते बारीक खवल्यांसारखं बाहेर येतं आणि किलोभर मेण करायला साधारण ६ ते ८ किलो मध संपतो असं धरतात. षटकोनच सगळ्यात काटकसरीचा असणार हा अंदाज रोमन काळापासून होता, पण पक्की सिद्धता थॉमस हेल्स ह्या गणितज्ञाने थेट १९९९ मध्ये दिली.

पण हा झाला फायदा. माशी हे करते कशी, खरी गंमत तिथे आहे. ती कोन मोजत बसत असेल असं मला तरी वाटत नाही. ताजं ताजं बांधलेलं पोळं बघा, घरं बरीचशी गोलसर असतात, नंतर कोपरे येतात. काही लोक म्हणतात की माश्यांच्या अंगच्या उष्णतेने मेण मऊ होऊन आपोआप ताणलं जातं. असेलही थोडंफार, पण मग गांधीलमाशीचं काय? ती लाकूड चघळून कागदासारख्या लगद्याचं घर करते, त्यात वितळण्यासारखं काहीच नाही, तरी षटकोन! म्हणून मला वाटतं खरं कारण शेजार. एकाच भिंतीला दोन्हीकडून माश्या भिडल्या की ती सरळ होते, आणि सहा शेजारी असले की सहा बाजू.

शेजार नसला की काय होतं तेही पोळ्यातच दिसतं. राणीचं घर एकटं लोंबकळत असतं, ते भुईमुगाच्या शेंगेसारखं असतं, षटकोनाचा पत्ता नाही. पोयाच्या माश्या (त्या बारीक, नांगी नसलेल्या) मध साठवतात तो गोल गोल मडक्यांत. नरांची घरं मोठी असतात, त्यामुळे कामकऱ्यांची लहान घरं संपून ती सुरू होतात तिथे पाच किंवा सात बाजूंची वेडीवाकडी घरं सापडतात.

कधी पेटी उघडायची संधी मिळाली तर चौकटीच्या वरच्या पट्टीला चिकटलेली पहिली ओळ नक्की बघा, तिथे बरीच घरं पंचकोनी असतात कारण वरून शेजारीण नाही, नुसतं लाकूड. फक्त चौकट माश्यांनी स्वतः भरलेली असली पाहिजे, मेणपत्रा लावलेली नको, त्याच्यावर माणसाने षटकोन आधीच छापून ठेवलेले असतात.