साठीनंतर पोटरी वारंवार दुखावत असेल, तर धावणे सोडावे का?

बहुधा सोडावे लागत नाही. वयानुसार स्नायूंचे बळ घटते आणि मुळातच रक्तपुरवठा कमी असलेल्या कंडरा (स्नायूंना हाडाशी जोडणाऱ्या दोऱ्या) सावकाश भरून येतात, त्यामुळे दुखणे थांबताच जोरात धावणारा माणूस पंधरवड्यात पुन्हा लंगडतो (मीही लंगडलो आहे). वेदनेशिवाय चालता येऊ लागल्यावर पायरीच्या कडेवर टाचा उचलण्याचा व्यायाम, आधी दोन्ही पायांवर आणि मग एकेका पायावर, आठवड्यातून तीनदा करावा, आणि त्यानंतरच नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानाच्या जॉगिंग ट्रॅकवर एक मिनिट धावणे, दोन मिनिटे चालणे असा आरंभ करावा. पांडवलेणीच्या टेकडीचा चढ तूर्त नकोच. त्याने पोटरीवर अधिक ताण येतो. पोटरी सुजली वा गरम लागली, तर रक्ताची गुठळी नाही ना, याची डॉक्टरांकडून त्याच दिवशी खात्री करून घ्यावी.