एसीच्या रिमोटच्या पडद्यावर विश्वास ठेवू नका

ताई, तुमच्या सासूबाईंचं काही चुकत नाहीये. बंद करायला जावं तर एसी चालूच राहतो, चालू केला तर गार हवा येत नाही, आणि मेकॅनिक 'बिघाड नाही' म्हणून व्हिजिटचे पैसे घेऊन जातो, असं तुम्ही लिहिलंय. तिन्ही गोष्टी खऱ्या असू शकतात. दोष त्या रिमोटच्या रचनेत आहे.

टीव्हीचा रिमोट दाबलेल्या बटणापुरताच संदेश पाठवतो. एसीचा रिमोट मात्र कुठलंही बटण दाबलं तरी सहसा मोड, तापमान, पंख्याचा वेग, चालू की बंद, असं सगळं पुन्हा एकदम पाठवतो. वर हा मामला एकतर्फी. एसीकडून उलट उत्तर येतच नाही. म्हणजे पडद्यावर दिसतं ते रिमोटच्या मनातलं. एसी काय करतोय याचा त्याला पत्ता नसतो. सासूबाईंनी रात्री पांघरुणातून बटण दाबलं, सिग्नल पोचला नाही, पण रिमोटने स्वतःपुरती 'बंद' अशी नोंद केली. आता परत दाबलं की 'चालू'चा हुकूम जातो, एसी 'पिक्' करतो आणि चालूच राहतो. मग माणूस स्वतःवरच शंका घ्यायला लागतो!

म्हणून त्यांना सांगा, पडदा बघायचा नाही. रिमोट एसीकडे रोखायचा, 'पिक्' ऐकायचं आणि एसीवरचा दिवा बघायचा. 'पिक्' झालं आणि दिवा तसाच राहिला, तर आणखी एकदा दाबायचं. 'पिक्' होतच नसेल तर आधी सेल बदला.

गार हवेचं म्हणाल, तर कॉम्प्रेसर बंद झाल्यावर आतला दाब सारखा व्हावा म्हणून साधारण ३ मिनिटं तो पुन्हा सुरू होत नाही. तेवढा वेळ नुसता पंखा फिरतो. यंत्राच्या दृष्टीने योग्यच आहे, पण हे सांगणारी एक खूण पडद्यावर द्यायला काय जात होतं? वाट बघणारा माणूस बटणं दाबत सुटतो आणि भलत्याच मोडमध्ये जाऊन पडतो.

मोडची चिन्हं तर विचारूच नका. पाण्याचा थेंब म्हणजे 'ड्राय'! हा हवेतला दमटपणा कमी करायचा मोड. त्यात पंखा मंद राहतो आणि कॉम्प्रेसर थांबून थांबून चालतो. मुंबईच्या पावसाळ्यात ठीक, मे महिन्यात घाम काही थांबायचा नाही. सूर्य म्हणजे हीटिंग, जे तुमच्या एसीत बहुधा नसेलच, कारण बऱ्याच मॉडेलांना मिळून एकच रिमोट देतात. मॅन्युअलही तसंच सामायिक, म्हणून त्यात 'काही सुविधा आपल्या मॉडेलमध्ये नसू शकतात' असलं वाक्य असतं. कुठल्या नाहीत, ते आपण शोधायचं.

मी आईच्या रिमोटवर चालू-बंद आणि तापमानाची दोन बटणं सोडून बाकी सगळ्यांवर जाड चिकटपट्टी लावली आहे. आधी बर्फाच्या चांदणीचा, म्हणजे गार हवेचा, मोड लावून घ्या. तापमान २४, १ जानेवारी २०२० पासून स्टार लेबलच्या एसींना सुरुवातीचा आकडा तोच ठेवणं बंधनकारक आहे. रिमोट हरवला तर बहुतेक स्प्लिट एसींच्या पुढच्या झाकणाखाली छोटं बटण असतं, तेही दाखवून ठेवा.

मॅन्युअल मात्र रद्दीत टाकू नका. एसीवरचे दिवे किती वेळा लुकलुकले तर काय बिघडलंय, याचा तक्ता त्यात असेल तर फोटो काढून ठेवा. पुढच्या वेळी मेकॅनिकला बोलावण्याआधी फोनवरच ते सांगता येईल.