सोलापूरच्या उन्हाळ्यात घरच्या घरी, फारसा खर्च न करता सगळ्यांनी मिळून मजा कशी करायची?

तुमचा प्रश्न वाचला. बदली होऊन सोलापुरात आलात, घरात सहा वर्षांची मुलगी, अकरा वर्षांचा मुलगा, सासूबाई आणि तुम्ही दोघं. शाळेला सुट्टी लागली आहे, दुपारी बाहेर पाऊल टाकवत नाही आणि दर रविवारी सिनेमा-हॉटेल परवडत नाही. मी इथलीच, दोन खोल्यांच्या घरात एकत्र कुटुंबात वाढलेली. पारा ४२च्या वर गेला की दारं-खिडक्या लावून दुपार कशी घालवायची, हे इथल्या प्रत्येक घराला शिकावंच लागतं. म्हणून मनापासून लिहिते आहे.

आधी एक सांगते, बाकी सगळं त्यावरच उभं आहे. खेळ असा निवडा की घरातलं सगळ्यात लहान आणि सगळ्यात म्हातारं माणूस, दोघंही खरोखर जिंकू शकतील. बुद्धिबळ चांगलंच, पण सहा वर्षांची मुलगी त्यात बाबांना हरवू शकत नाही, आणि आजींना ते येत नसेल तर त्या नुसत्या बघत बसणार. थोडं नशीब आणि थोडं डोकं लागणारा खेळ असला की घर रंगतं. आणि तुम्ही दोघांनी मुलांना रमवायला म्हणून बसू नका, जिंकायला बसा. हा फरक मुलांना पहिल्या पाच मिनिटांत कळतो.

माझ्या मते यात पहिला नंबर अष्टाचंग्याचा. इथल्या तेलुगू घरांत त्याला अष्टा चम्मा म्हणतात, कानडी घरांत चौकाबारा. तुमच्या शेजारी दोन्ही भाषांची माणसं असतीलच, त्यांना विचारा. प्रत्येक घरचा नियम थोडा वेगळा निघेल. खर्च शून्य. फरशीवर खडूने पाच बाय पाच असे २५ चौकोन आखायचे. चारही कडांच्या मधल्या चौकोनात आणि अगदी मधोमधच्या चौकोनात फुली मारायची. कडेची चार ही चौघांची घरं, मधलं ते सगळ्यांचं शेवटचं ठिकाण. प्रत्येकाला चार सोंगट्या. एकाला शेंगदाणे, एकाला हरभरे, एकाला बांगड्यांच्या काचा, एकाला बटणं, असं काहीही चालतं.

कवड्या नसतील तर चिंचोके घ्या. हे काम मुलांना द्या, त्यातच त्यांची एक दुपार जाते. भाजलेला चिंचोका फोडला की त्याच्या दोन डाळिंब्या होतात, आत पांढऱ्या आणि बाहेर तपकिरी. आतली बाजू खरबरीत दगडावर घासून सपाट करायची. अशा चार डाळिंब्या म्हणजे तुमचा फासा. जितके पांढरे वर तितकं दान. चारही पांढरे पडले तर चार, म्हणजे चंग. एकही पांढरा वर नाही तर आठ, म्हणजे अष्टा. चार किंवा आठ पडले की पुन्हा टाकायला मिळतं. सोंगटी बाहेरच्या सोळा घरांतून एका दिशेने फिरते, मग आतल्या आठ घरांत शिरून उलट्या दिशेने जाते आणि शेवटी मधोमध. आपलं घर धरून पंचवीसच्या पंचवीस चौकोन तिला पार करावे लागतात. वाटेत दुसऱ्याची सोंगटी असेल त्या चौकोनात आपली जाऊन बसली की ती मेली, ती पुन्हा स्वतःच्या घरून निघणार. फुलीच्या घरात मात्र कुणी कुणाला मारू शकत नाही. आमच्याकडे आणखी एक नियम कडक पाळतात: एक तरी सोंगटी मारल्याशिवाय आतल्या घरांत प्रवेश नाही. या नियमामुळेच खेळाला जीव येतो, कारण नुसतं जपून चालणाऱ्याला कधी ना कधी हल्ला करावाच लागतो.

तुमच्या मुलाला यात आणखी एक काम द्या. चार डाळिंब्या एकूण सोळा प्रकारे पडू शकतात. त्यांतल्या एका प्रकारात आठ, एका प्रकारात चार, चारांत एक, चारांत तीन आणि सहा प्रकारांत दोन. म्हणजे दोनचं दान सगळ्यात जास्त पडायला हवं. त्याला वहीत प्रत्येक दान लिहायला सांगा. शंभर दानांनंतर आकडे जुळतात का ते बघू दे. बहुतेक वेळा थोडी गडबड दिसेल, कारण घासलेला चिंचोका नाण्यासारखा दोन्ही बाजूंनी सारखा नसतो, एखादा एकाच कुशीवर जास्त पडतो. तो कोणता हे शोधून काढण्यात अकरा वर्षांचा मुलगा तासभर रमतो.

शेजारची मुलं आली तर दान मोजताना ज्याने त्याने आपापल्या भाषेत मोजायचं: एक दोन तीन चार, ओंदु एरडु मूरु नाल्कु, ओकटि रेंडु मूडु नालुगु. तुम्ही बाहेरून आला आहात, महिन्याभरात सगळं घर तिन्ही भाषांत मोजायला लागेल. सोलापुरात याचा भाजीबाजारापासून सगळीकडे उपयोग होतो.

पत्त्यांचं थोडक्यात सांगते, कारण ते तुम्हाला माहीत असणारच. सहा वर्षांच्या मुलीसाठी बदाम सात, आकड्यांचा क्रम पक्का होतो. दुपारी तिघंच जागे असतील तर पाच-तीन-दोन: एक्क्यापासून आठपर्यंत सगळी पानं आणि दोन सत्त्या, अशी ३० पानं, प्रत्येकी दहा. चौघं असतील तर मेंढीकोट. त्यात जोडीदार समोरासमोर बसतात आणि दहिल्या पकडायच्या असतात. आजी आणि नातवाची जोडी लावा. समोरच्याच्या चेहऱ्यावरून पानं ओळखण्यात म्हाताऱ्या माणसांचा हात कुणी धरत नाही.

आता एक अशी गोष्ट, जिच्यासाठी सोलापुरात राहणं हेच भाग्याचं. सूर्य बरोबर डोक्यावर येतो असं आपण रोज म्हणतो, पण खरोखर तो आपल्याकडे वर्षातून फक्त दोन दिवस डोक्यावर येतो. सोलापूर सुमारे १७.७ उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळे १० मेच्या आसपास आणि पुन्हा ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात दुपारी उभ्या वस्तूची सावली नाहीशी होते. ऑगस्टमध्ये बहुधा ढग असतात, म्हणून मे सोडू नका. पावडरचा सरळ उभा डबा किंवा पाइपचा तुकडा गच्चीच्या सपाट भागावर ठेवा आणि दुपारी १२ वाजून १५ मिनिटांपासून बघत राहा. साधारण १२ वाजून २३ मिनिटांच्या सुमारास सावली डब्याच्या बुडाखाली गडप होते. दिवस एखादा मागे-पुढे झाला तरी डोळ्यांना फरक कळत नाही, तेव्हा एक दिवस लाइट गेली, पाहुणे आले, तरी बिघडत नाही.

त्याआधी आठवडाभर रोज त्याच वेळी सावलीच्या टोकाला खडूने खूण करत राहिलात तर मजा वाढते. सावली आधी उत्तरेकडे असते, रोज आखूड होते, एक दिवस नाहीशी होते आणि मग दक्षिणेकडे फुटते. जुलै सरेपर्यंत भर दुपारची सावली दक्षिणेलाच पडत राहते. दिल्लीत कुणी मामा-मावशी असतील तर मुलांनी त्यांना फोन करून सांगावं. दिल्ली कर्कवृत्ताच्या उत्तरेला आहे, तिथे हे कधीच दिसत नाही. फक्त डोक्याला पंचा गुंडाळा, पायात चप्पल ठेवा, सूर्याकडे थेट बघू देऊ नका आणि दहा मिनिटांत खाली या.

रात्रीची गच्ची मात्र हवी तितका वेळ. संध्याकाळी धुण्याचं उरलेलं पाणी गच्चीवर मारलं की रात्रीपर्यंत फरशी निवते. (मुलांना पाण्याच्या टबात खेळवा असा सल्ला बरेच जण देतात. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे मी तो देणार नाही. पाणी दुसऱ्या कामाला लागल्यावरच खेळाला.) सोलापुरी चादर अंथरायची आणि आडवं व्हायचं. उत्तरेकडे उंच सप्तर्षी दिसतील. त्यांच्या चौकोनाच्या पुढच्या दोन ताऱ्यांतून रेघ काढून तिचं अंतर पाचपट लांबवलं की ध्रुव सापडतो. आपल्याकडून तो क्षितिजापासून जेमतेम अठरा अंश वर असतो. हात लांब करून मूठ धरली तर एक मूठ साधारण दहा अंशांची, म्हणजे दोन मुठींच्या आतच तो आहे. समोर उंच इमारत असेल तर ध्रुव तिच्यामागे लपतो. सप्तर्षींच्या शेपटीचा बाक तसाच पुढे नेला की नारंगी झाक असलेली स्वाती आणि तिच्या पुढे पांढरी चित्रा. मेमध्ये जेवणं उरकून गच्चीवर जाल तेव्हा आग्नेयेला वृश्चिक वर येत असतो, त्यातली लालसर ज्येष्ठा मुलांना लगेच ओळखता येते. सासूबाईंना नक्षत्रं पंचांगामुळे नावांनी पाठ असतील, मुलांना ती आकाशात दाखवू दे. दोन्ही ज्ञानं एकत्र आली की तासभर गप्पा रंगतात, हे मी आमच्याच गच्चीवर पाहिलं आहे.

लाइट गेली तर मोबाईलचा टॉर्च भिंतीकडे करून हातांच्या सावल्या करा. कुत्रा आणि हरीण सगळ्यांना जमतं, मोर जमायला सराव लागतो.

स्वयंपाकघरात दोन गोष्टी करून बघा. पहिली शेंगाचटणी. पाव किलो शेंगदाणे मंद आचेवर खरपूस भाजायचे आणि साल काढायची. साल पाखडायचं काम मुलांचं, घर थोडं घाण होणार हे धरून चाला. मग दहा-बारा लसणाच्या पाकळ्या, चमचाभर जिरं, दोन चमचे तिखट आणि मीठ. मिक्सरला हात लावायचा नाही. खलबत्त्यात थोडं थोडं घेऊन पाळीपाळीने कुटायचं, तेल सुटून चटणी चिकट व्हायला लागेपर्यंत. प्रत्येकाने वीस ठोके, मोठ्याने मोजून. कुटून होईपर्यंत सगळ्यांना भूक लागलेली असते. कडक भाकरी आणि दही असेल तर त्या रात्री दुसरी भाजी कुणी मागत नाही.

दुसरा वासाचा खेळ. डोळ्यांना रुमाल बांधायचा आणि मिसळणाच्या डब्यातलं एकेक नाकाशी धरायचं: जिरं, धने, ओवा, बडीशेप, मेथी, हिंग. सहा वर्षांची मुलगी तिसऱ्या फेरीपर्यंत ओवा आणि जिरं वेगळं सांगते. सासूबाईंना हरवणं अवघड, तेव्हा त्यांच्यासाठी कठीण ठेवा: दोन मसाले एकत्र करून द्या. एरवी घरात ज्यांना "तुम्ही बसा, आम्ही करतो" असं ऐकावं लागतं, त्या माणसाला सगळ्या घरासमोर जिंकताना बघणं मला फार आवडतं. तुम्हालाही आवडेल.

तुम्ही शेवटी विचारलं आहे की धाकटी हरली की रडते, तिला मुद्दाम जिंकू द्यावं का. माझं मत स्पष्ट आहे, देऊ नका. तिला ते कळेल, आणि मग खरं जिंकण्यातही तिला गोडी राहणार नाही. पहिले काही दिवस तिला आजीची भिडू करा, दान तिने टाकायचं, कोणती सोंगटी चालवायची ते दोघींनी कानात बोलून ठरवायचं. तरीही रडून डाव मोडायची वेळ आली, तर पट पुसू नका. कोणती सोंगटी कुठे होती ते दादाच्या वहीत उतरवून घ्या, खडूच्या रेघांवर चादर टाका आणि दुसऱ्या दिवशी दुपारी चहा झाल्यावर तिथूनच पुढे सुरू करा. पहिलं दान तिचं.